मराठीचं मराठीत

पुस्तक छापणं सोपं, ते लोकांच्या घरात पोचवणं अवघड. मनोहरराव हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी म्हणत आणि म्हणून झालं की दामिनी परातेकडे बघत, कारण अवघड काम तिचं होतं. शहरातल्या सदर भागात चष्म्याच्या दुकानाच्या वर मनोहररावांच्या प्रकाशनाचं ऑफिस होतं. तिथे दामिनी चौदा वर्षांपूर्वी पुस्तक प्रदर्शनात स्टॉलवर उभी राहणारी मुलगी म्हणून लागली. आता तिच्या टेबलावर 'प्रकल्प व्यवस्थापक' अशी पाटी होती. पाटी मोठी झाली तरी काम तेच. प्रकाशन समारंभ म्हणजे वधूपिताच की ती. हॉल बघा, पत्रिका छापा, प्रमुख पाहुण्यांना स्टेशनवरून आणा, व्यासपीठावर कोण कोणाच्या शेजारी बसलं तर रुसेल ते ध्यानात ठेवा, आणि पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नाही हे त्यांच्या भाषणातून कोणाला कळू नये म्हणून आदल्या दिवशी त्यांना पुस्तकाचा सारांश पाठवा. शिवाय प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात, ग्रंथालयांना पत्रं, शाळांमधली वाचन शिबिरं, आणि हल्ली ते रील. पुस्तकाच्या मागच्या पानावरचा मजकूरही तीच लिहायची. 'मनाला भिडणारं', 'अंतर्मुख करणारं', 'आपल्या मातीतला अस्सल आवाज'. असले शब्द तिच्याकडे इतके तयार असत की कोणतंही पुस्तक आलं तरी अडायचं नाही.

शब्दांचं तिला कधी अडलं नाही, एक फोन सोडला तर. तो रोज साडेआठला उमरेडहून यायचा.

"दामिनी, तुझे जेवण झाले आहे का?" आई विचारायची.

"झालं. तुझं?"

"माझेही झाले." मग बराच वेळ काहीच नाही. दामिनी धरमपेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत फोन कानाला लावून उभी. "आई, रेंज गेली का?"

"नाही. ऐकू येत आहे. आज इथे ऊन फार होते."

"इथेही."

पुन्हा शांतता. "बरे. ठेवते आता," आई म्हणायची, आणि ठेवायची.

तुम्ही म्हणाल, यात काय वाईट? शुद्ध बोलणारी आई कोणाला नको? पण वच्छलाबाई उमरेडच्या कोष्टीपुऱ्यातली. नवऱ्याच्या, गुलाबचंद परात्यांच्या हातमागावर तिनं तीस वर्षं सुताच्या कांड्या भरलेल्या. मागाच्या खटखटीवर चढून बोलायची सवय, म्हणून आवाज असा की तीन घरं पलीकडची बाई ओ देई. दामिनी लहानपणी ज्या बोलीत रागावणं, लाड, ताप उतरवणं, सगळं ऐकत मोठी झाली, ती ही 'माझेही झाले' वाली बोली नव्हे. ती बोली आई तिच्याशी अकरा वर्षांत बोललेली नव्हती. आणि का बोलत नाही, ते दामिनीला नेमकं माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी दामिनीनं पहिल्यांदा एकटीनं एक मोठा प्रकाशन समारंभ उभा केला होता, धरमपेठेतल्या एका सभागृहात. आई मुद्दाम उमरेडहून बसनं आली. दुसऱ्या रांगेत बसली, सगळी भाषणं ऐकली. कार्यक्रम संपल्यावर बाहेरगावचे प्रमुख पाहुणे, फार मोठे गृहस्थ, चहाचा कप हातात घेऊन आईजवळ आले. "काय आई, लेकीचं काम आवडलं का?" त्यांनी मायेनं विचारलं.

आई म्हणाली, "मले तं भाषणातलं काही समजलं नाही जी. पण पोट्टी इकून तिकून धावून राहिली होती, तिले पाहूनच माहं पोट भरलं."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. वाईट हसू नव्हतं ते, कौतुकाचंच होतं. पण दामिनीचे कान तापले, आणि ती घाईघाईनं म्हणाली, "आई म्हणतेय, की कार्यक्रम फार सुंदर झाला."

मराठीचं मराठीत भाषांतर. तेही धड नाही. पाहुण्यांनी मान डोलावली आणि ते पुढे गेले. आईनं दामिनीकडे एकदा पाहिलं, मग हातातली पिशवी नीट केली आणि म्हणाली, "चाल, मले बसले उशीर होईन." ते तिचं दामिनीशी बोललेलं शेवटचं आपल्या बोलीतलं वाक्य. दुसऱ्या दिवशी फोन आला तो 'तुझे जेवण झाले आहे का' असा. पुढे दामिनी घरी गेली की तिच्यासमोर आई शेजारणींशीही तसंच बोलायची.

तेव्हा दामिनीला वाटलं, राग आहे, चार दिवसांनी जाईल. चार दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं. मधे बाबा गेले. तेव्हाही आई तिच्या गळ्यात पडली ती न बोलता. माफी मागायची तर कशी मागायची? आईनं एका शब्दानं तक्रार केली नव्हती. ती फक्त फार चांगलं मराठी बोलत होती.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर रुपरावकाकांचं पुस्तक आलं. रुपराव हेडाऊ हे उमरेडचेच, परात्यांच्या गल्लीतले, निवृत्त शिक्षक. कोष्टीपुऱ्यातल्या बायकांच्या गोष्टी त्यांनी बायकांच्याच बोलीत लिहिल्या होत्या. पुस्तकाचं नाव 'कांडीवाल्या'. मनोहररावांना ते आवडलं, दामिनीनं सरकारी भाषा-प्रकल्पाचा कागद भरून त्याला मदत मिळवली, मजकूर तपासायला बाहेरगावी गेला, तपासून आला, आणि दामिनीनं तो शेवटचा वाचून 'छापायला हरकत नाही' असं लिहून टाकलं. वर आणखी शेरा मारला, 'भाषा प्रवाही आहे'.

छपाईआधीची एक प्रत रीत म्हणून रुपरावकाकांकडे गेली. तिसऱ्या दिवशी सकाळीच काका ऑफिसचा जिना चढून धापा टाकत तिच्या टेबलासमोर उभे.

"दामिनी, हे कोणाचं पुस्तक आहे वं?"

"काका, तुमचंच."

"माह्यं नाही." त्यांनी कागदांची चळत टेबलावर ठेवली आणि बोट ठेवत वाचून दाखवलं. "'मला', 'तुला', 'त्याला'. म्या 'मले' लिहिलं होतं. सगळीकडचे 'ले' काढून 'ला' केले. अन् हे पाह्य, आपल्या बाया 'मी येतो' म्हणतात, तं यानं 'मी येते' केलं. त्याले वाटलं असन, मास्तरले बाई अन् माणूस समजत नाही."

दामिनीनं पान पाहिलं. मग दुसरं, तिसरं. प्रत्येक ओळ नीटनेटकी करून ठेवली होती. मजकूर तपासणाऱ्यानं काही वाईट हेतूनं केलं नव्हतं, तो बिचारा शुद्धलेखनाला जागला होता. पण दामिनीनं ते वाचलं होतं. दूध पिताना जी बोली कानात गेली, ती दीडशे पानांतून कोणी खुडून नेली आणि तिला पत्ता लागला नाही.

"तुह्या कानाले काहीच खटकलं नाही काय?" काकांनी विचारलं. रागानं नाही. ते जास्त लागलं.

चूक दुरुस्त करणं अवघड नव्हतं. मूळ हस्तलिखित होतं, छपाई थांबवता येत होती. दामिनीनं दोन दिवस बसून एकेक 'ले' परत जागेवर नेऊन बसवला. ते करताना तिला सुचलं, की नुसतं छापून भागणार नाही. वाचणारा मनात पुन्हा 'ला'च वाचेल. हे ऐकायला पाहिजे. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक खूण छापू, मोबाइल धरला की ती गोष्ट बाईच्या आवाजात ऐकू येईल. मनोहररावांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि "करा" म्हणाले. आता आवाज हवा होता. जुनी, भेसळ नसलेली बोली बोलणारी बाई. दामिनीनं आकाशवाणीत विचारलं, नाटकवाल्यांना विचारलं, तीन नट्यांचे नमुने मागवले. तिघीही विनोदी नाटकातल्या मोलकरणीसारख्या बोलल्या. शेवटी तिनं रुपरावकाकांना फोन लावला.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," काका म्हणाले. "तुह्या मायले बसव."

"आई? काका, आई तर शुद्ध बोलते."

पलीकडे काका मोठ्यांदा हसले. "वच्छलावहिनी? शुद्ध? अवं, परवा नळाच्या पाण्यावरून तिनं नगरपालिकेच्या माणसाले जे सोललं, ते ऐकाले आख्खी गल्ली दारात उभी होती. तिच्यासारखं बोलणारं आता उमरेडात कोणी राहिलं नाही."

म्हणजे बोली गेली नव्हती. गल्लीला मिळत होती, रुपरावकाकांना मिळत होती, नळावर आलेल्या कुठल्याशा नगरपालिकेच्या माणसाला फुकटात मिळत होती. दामिनीला आयुष्यात अनेकांचा हेवा वाटला होता, मोठ्या प्रकाशनांतल्या लोकांचा, परदेशी पुस्तक मेळ्यांना जाणाऱ्यांचा. पण त्या नळावरच्या माणसाचा वाटला तसा कोणाचा नाही.

तिनं आईला विचारलं. फोनवर नेहमीसारखा वेळ गेला. मग आई म्हणाली, "मी वाचेन. पण तू तिथे थांबू नकोस. तू असलीस तर मला जमणार नाही."

म्हणून पंकज गेला. पंकज ऑफिसात आवाजाचं आणि चित्रफितींचं काम बघायचा. इतवारीतल्या भांडेवाल्याच्या घरातला, दुकानात बायकांशी बोलून बोलून कोणालाही बोलतं करण्यात पटाईत. तीन दिवस तो उमरेडला जाऊन आला. चौथ्या दिवशी दुपारी, बाकीचे जेवायला खाली उतरल्यावर, दामिनीनं हेडफोन लावला.

"सासू म्हणे, कांडी भरताना बोलाचं नाही, सूत तुटते," आईचा आवाज आला. "मंग आम्ही काय चूप बसत होतो? बोलतच होतो. सूत तुटे, सासू बोंबले, आम्ही गाठ मारो अन् पुन्हा बोलो. त्या साली आमच्या मागावरच्या लुगड्यायत इतक्या गाठी होत्या, नेसणारणीले समजलं असतं तं तिनं आमच्या साऱ्या गोष्टी वाचून घेतल्या असत्या."

दामिनीनं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. हा तो आवाज होता. वर चढणारा, मधेच हसणारा, कोणाची भीड नसलेला. ती एकामागून एक गोष्टी ऐकत गेली. सातवी संपली, कागद गोळा केल्याचा आवाज झाला, आणि ध्वनिमुद्रण थांबायच्या ऐवजी चालूच राहिलं.

"काकू, एक विचारू काय?" हा पंकज. "दामिनीताईसंगं तुम्ही अशा काहून नाही बोलत?"

"तिच्यासंगं नाही जमत गा."

"काहून? राग आहे काय?"

"राग कायचा." मग थोडं थांबून, "तिचे लोक मोठे. तिले माह्या बोलण्याचा अर्थ सांगा लागते लोकायले. एकडाव सांगितला तिनं. वाईट नाही वाटलं म्हटलं तं खोटं होईन, वाटलं थोडंसं. पण मंग घरी येता येता बसमंदी विचार केला. म्हटलं, पोट्टीले आधीच किती कामं आहे. पायाले भिंगरी लावून फिरते. त्यात आपल्या मायचं काम तिच्या डोक्यावर आणखी कायले? आपलं बोलणं आपणच पालटून देत जाऊ, तयारच. म्हणून मी काय करतो, पह्यले मनात आपलं बोलून घेतो, मंग ते रेडिओतल्यावानी जुळवतो, अन् मंग तिले सांगतो. त्यात टाइम जाते ना. तिकून ती म्हणते, आई, रेंज गेली का. रेंज कायची जाते? मी शब्द पाहून राहतो. कधी सापडते, कधी नाही सापडत. नाही सापडला तं म्हणतो, ठेवते आता."

"मंग राहून जात असन किती सांगाचं."

"सारंच राहते," आई म्हणाली. "पण माह्यामुळं तिले कमीपणा तं नाही ना येत."

पंकज जेवून वर आला तेव्हा दामिनी तशीच बसली होती. "ताई, शेवटचं ते कापायचं राहिलं," तो खाली बघत म्हणाला. पंकजचं कापायचं कधी राहत नसे. दामिनी म्हणाली, "राहू दे," आणि तोंड धुवायला गेली, ती पंधरा मिनिटं आली नाही.

शनिवारी तिनं उमरेडची बस पकडली. तासाभराच्या रस्त्यात ती खिडकीकडे तोंड करून ओठातल्या ओठात घोकत होती. मले. तुले. काहून. शाळेत पाढे म्हणतात तसं. आपल्याच आईशी बोलायची तालीम करावी लागतेय याचं तिला हसूही आलं आणि दुसरंही काही आलं.

आईनं दार उघडलं. "ये. बस लवकर मिळाली का?"

"मिळाली वं," दामिनी म्हणाली. "माय, मले पाणी दे."

नको तेच झालं. ते त्या तीन नट्यांसारखं निघालं. आईचा चेहरा उतरला. "असे का बोलतेस? ऑफिसात काही झाले का? नोकरीचे बरे आहे ना?"

मग दामिनीनं सगळं सांगितलं, उंबऱ्यातच उभं राहून, आपल्या नेहमीच्या मराठीत. पंकजनं शेवट कापला नव्हता, तिनं ऐकलं होतं. त्या दिवशी सभागृहात ती चुकली होती, लाजली होती, आणि अकरा वर्षं त्याची तिला लाज वाटत होती. "माझ्याशी आपलं बोल," ती म्हणाली. "मला काही पालटून नको. शब्द सापडायची वाट मला नको आई, मला तू पाहिजेस."

"बरे," आई म्हणाली. पदराला हात पुसून ती पाटावर बसली, फोटो काढायला बसतात तशी ताठ. दामिनी समोर बसली. आईनं तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, "दामिनी, तू..." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "तू... कशी..."

"नाही गं येत," ती शेवटी म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "तुझ्या चेहऱ्याकडे पाहिले की तेच येते. इतकी वर्षे झाली. आता तोंडालाच सवय झाली आहे."

दोघी उठल्या. आईनं पाटोडीची भाजी केली होती, ती दोघींनी खाल्ली. भाजी झणझणीत होती, त्यामुळे डोळे पुसायला कारण मिळालं. जेवण झाल्यावर दामिनी पुढच्या खोलीत चटईवर आडवी झाली. चौदा वर्षं लोकांचे शब्द लोकांपर्यंत पोचवले, आणि आपल्या घरी हा रस्ता आपणच बुजवला, हा विचार काही तिला झोपू देईना. ती डोळे मिटून पडून राहिली.

थोड्या वेळानं दारात शेजारच्या गोपिकाकाकूचा आवाज आला. "आली काय वं दामिनी?"

"हळू बोल वं, झोपून राहिली पोट्टी," आई म्हणाली. "सकायी सकायी बसनं आली. किती वायली, पाह्य. हाडं दिसून राहिले."

दामिनीनं श्वास रोखला. दोघी हलक्या आवाजात बोलत राहिल्या, तुरीच्या डाळीचं, कोणाच्या तरी गुडघ्याचं. मग गोपिकाकाकू गेली. दामिनीला वाटलं, संपलं. पण आईच्या पावलांचा आवाज जवळ आला, आणि ती उशाशी बसली. तिचा हात दामिनीच्या कपाळावर टेकला.

"जागी आहेस, समजते मले," आई म्हणाली. "झोपलेलं माणूस इतका दम धरून नाही राहत."

दामिनी हलली.

"उघडू नको डोये. मिटूनच राय. तू मले पाहून राहिली की माहं तोंड बंद होते. अशी पडून राहिली तं जमते, लहानपणच्यावानी." हात कपाळावरून केसांत गेला. "आता ही गोपिका गेली ना, तिचं तुले कधी सांगताच नाही आलं. हिनं नवऱ्यासंगं बोलणं टाकलं, चार साल झाले. कायवरून, तं त्यानं हिच्या भाच्याच्या लग्नात बुंदी बरी नाही म्हटलं. आता दोघं एका घरात, अन् दोघंही मांजरीसंगं बोलतात. ही म्हणते, 'जाय वं, त्यायले म्हण, ताट वाढलं.' अन् तो माणूस मांजरीले म्हणते, 'सांग तिले, मीठ कमी आहे.' ते मांजर बिचारं इकून तिकून पाह्यते."

दामिनीला हसू फुटलं. हसता हसता मिटल्या डोळ्यांतून पाणी निघून कानाकडे ओघळलं. आईनं ते पदरानं टिपलं, पण बोलणं थांबवलं नाही, शब्द शोधायला तर मुळीच थांबली नाही.

"अन् परवा काय झालं माहीत आहे काय, ते मांजरच मेलं."

"मंग?" दामिनी म्हणाली.